धुऊन टाकलेला गोंद

हे १९८९ सालचं. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या एका कर्करोग प्रयोगशाळेत मी तेव्हा तंत्रज्ञ होते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे रेणू असतात. आम्ही त्यांना नुसतं गोंद म्हणायचो. गोंद गेला की गाठीतल्या पेशी सुटून अंगभर पसरतात. ‘गोंद नाही’ असा आमचा अहवाल गेला, की जिची गाठ असे त्या बाईला हॉस्पिटलात सगळ्यात जहाल औषध देत.

त्या वसंतात ओळीने बारा बायकांच्या गाठी बिनगोंदाच्या निघाल्या. परिषदेत मांडायला मोठा शोध हाती लागला म्हणून आमचा प्रमुख तॉर्किल हरखून गेला होता. बारावी होती युट्टे, आमच्या कँटीनमध्ये राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासे मांडून देणारी.

“बिर्थे, माझ्या गाठीचा तुकडा जपून हाताळ हं,” ती म्हणाली होती. “कांद्याचा वास आला तर समज, माझाच आहे.”

पेशी सुट्या करायचं आमचं पाचक द्रव बिनकॅल्शियमचं असे. कृतीच तशी लिहिलेली होती. युट्टेचा अहवाल पाठवल्यावर थोडा तुकडा उरला होता. रोजची बाटली संपलेली, म्हणून मी कॅल्शियम असलेलं द्रव घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली गोंद दाखवणाऱ्या रंगाने पेशींच्या कडा हिरव्यागार उजळल्या. गोंद जागच्या जागी होता. कॅल्शियम नसलं की तो उघडा पडतो आणि ते द्रव त्याला खाऊन टाकतं. म्हणजे तो आम्हीच धुवायचो आणि मग नाही म्हणून लिहायचो.

शुक्रवार होता. मी सांगायला गेले तेव्हा तॉर्किल न्याहारीच्या पावाला लोणी फासत होता.

“कोणाला सांगितलंस?”

“अजून नाही. पण युट्टेचं औषध सोमवारी सुरू होतंय.”

“मग थांब जरा. परिषद तीन आठवड्यांवर आलीये. तिथून आलो की कृती बदलू.”

“आणि तोवर तिनं ओकत बसायचं?”

“हे बघ, अहवालांवर सही तुझी आहे. नीट विचार कर.” त्याने बोटांवरचं लोणी चाटलं आणि उरलेला पाव माझ्याकडे सरकवला. “घे, खा. पांढरी पडलीयेस अगदी.”

मला त्या चकचकीत बोटांची किळस आली. माझी स्वतःची जास्त आली, कारण दोनेक मिनिटं मीही हिशेब केला, की सही खरंच माझी आहे, तीन आठवडे काय, निघून जातील.

मग युट्टेच्या तुकड्याच्या काचपट्ट्या खिशात घालून मी सायकलवरून हॉस्पिटलात गेले. वॉर्डच्या डॉक्टर लोने यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिल्या.

“चूक कोणाची?”

“सही माझी आहे.”

“ते नाही विचारलं मी,” त्या म्हणाल्या, आणि युट्टेच्या कागदावरचा सोमवार खोडला.

तॉर्किल परिषदेला गेला. बाराही बायका बिनगोंदाच्या म्हणूनच त्याच्या भाषणात होत्या. कृती त्याने दोन वर्षांनी गुपचूप बदलली. निवृत्तीच्या वेळी त्याला पदक मिळालं. आधीच्या अकराजणींचे उरलेले तुकडे डॉक्टर लोने यांनी पुन्हा तपासून घेतले. आठांत गोंद होता. त्यातली सातव्या क्रमांकाची बाई त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेली, औषधाने हृदय कमजोर होऊन. तिचं नाव मला कधी कळलं नाही. मला नोकरीवरून काढलं, पुढे मी तंत्रशाळेत शिकवलं.

युट्टे आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. दर नाताळला फोन करते आणि माझे आभार मानते. ती हिशेबाची दोन मिनिटं मी तिला अजून सांगितलेली नाहीत.