सीरियस असल्याचा दाखला

माझा दीर जयराज कॅनडात सेवा करतो. सेवा म्हणजे नोकरी नव्हे. पगार नाही, नुसतं राहणं, खाणं आणि समाधान. समचित्त मंडळ नावाच्या संस्थेने त्याला तिकडच्या लोकांना मन शांत कसं ठेवायचं ते शिकवायला पाठवलं आहे. वडूजजवळच्या आमच्या गावात त्याचं स्वतःचं मन कधी शांत असल्याचं मला तरी आठवत नाही. भाकरी जरा करपली की ताट सरकवून उठणारा हा माणूस. पण विमानात बसल्यावर काय बदललं कोण जाणे.

दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं ‘सेवापत्र’ येतं. आधी दिनक्रम आणि मग बोध. ‘आज पहाटे केंद्रासमोरचा बर्फ फावड्याने ओढला. बोध : अहंकारही रोज असाच ओढून टाकावा लागतो.’ ‘आज ऐंशी जणांची भांडी घासली. बोध : भांडं घासताना आपणच उजळतो.’ या पठ्ठ्याने घरी स्वतःचा पेला कधी विसळला नव्हता. ते पत्र वाचलं त्या दिवशी मी आमच्या मोरीतल्या खरकट्या भांड्यांचा फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली विचारलं, ‘ह्याचा बोध काय, भावजी?’ उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

आता माझ्या सासऱ्यांचं सांगते. मानसिंगमामा, रिटायर्ड हवालदार. आमच्या भागात घरटी एक फौजी असतो आणि रजा मिळवायची एक जुनी रीत आहे. घरून पलटणीत तार जायची : मदर सीरियस, कम सून. मामांच्या आईला असं चार वेळा मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं. एकदा बैलांच्या बेंदरासाठी, एकदा विहिरीच्या कामासाठी, दोनदा नुसतीच आठवण आली म्हणून. ती म्हातारी ब्याण्णव वर्षं जगली.

गेल्या वर्षी जयराज गावच्या जत्रेला यावा म्हणून मामांनी तेच चार शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर धाडले. पोरगं रडत रडत विमानाने आलं. आमच्या सासूबाई, मनुबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या दारात बसून मटणाचा मसाला वाटत होत्या. जयराज तीन दिवस तोंड फुगवून फिरला आणि चौथ्या दिवशी परत गेला. मग मंडळाने नियम केला : यापुढे घरच्या आजारपणासाठी रजा हवी असेल, तर जवळच्या शाखेचा साधक येऊन पडताळणी करील.

मामा उलट खूश झाले. “शिस्तीची संस्था हाय. आमच्या पलटणीत बी शेवटी शेवटी पाटलाचा दाखला मागायला लागलं हुतं.”

यंदा आत्या खरंच आजारी पडल्या. माझे मालक वीरधवल कुपवाडच्या एका फाउंड्रीत आहेत, आमच्या तिथे दोन खोल्या आहेत. आत्यांना आणि मामांना आम्ही तिथे आणलं. सांगलीतल्या डॉक्टरांनी तपासून मला आणि ह्यांना बाहेर बोलावलं. हृदय वीस टक्केसुद्धा चालत नाही म्हणाले. फार तर दोन-तीन आठवडे. घरी न्या, ज्यांना भेटायचंय त्यांना भेटू द्या.

आत्यांना कुणी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. घरी आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, “शिवांजली, जयाला एकदा बघू दे. मग मला कवा बी न्या.”

दुसरं काहीच त्यांनी मागितलं नाही. मंडळाला कळवलं, रिपोर्ट पाठवले. उत्तर आलं, कागद मिळाले, शनिवारी साधक भेटीस येतील.

शनिवारी सकाळपासून मामांनी घराची छावणी करून टाकली. खाटेवरची चादर ताणली, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या आणि आत्यांना सूचना द्यायला सुरुवात केली. “डोळं मिटून पडायचं. इचारलं तरच बोलायचं, ते बी हळू. आन् काय बी झालं तरी उठायचं न्हाई.”

“आवं, पर मी खरंच आजारी हाय की,” आत्या म्हणाल्या.

“म्हणून तर सांगतोय. खोटं असलं की माणूस झ्याक सोंग करतंय. खऱ्यालाच जमत न्हाई.”

साधक म्हणजे कुपवाडच्याच एका लेथवर्कशॉपचे मालक, आप्पासो. पांढरे कपडे, काखेत फाईल, चेहऱ्यावर जगाची कीव. खुर्चीवर बसून त्यांनी फॉर्म काढला. “माताजी, मनात भीती वाटते का?” “झोप प्रसन्न लागते का?” “कुणाविषयी आसक्ती?” आत्यांना आसक्ती म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं, “पोराला बघायचंय म्हणतात.” आप्पासोंनी ते कुठल्या रकान्यात लिहायचं याचा बराच विचार केला आणि सोडून दिलं.

घरात दूध कमी होतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मामा आप्पासोंची गाडी सावलीत लावायला बाहेर गेले. मोजून दहा मिनिटं. पिशवी घेऊन परत आले तर खाट रिकामी.

आत्या गॅसपाशी उभ्या होत्या. एका हाताने ओटा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात गाळणी. नेसूचं नीट केलेलं, डोक्यावर पदर. होतं तेवढ्या दुधात आलं घालून फक्कड चहा झाला होता आणि आप्पासो बशीत ओतून पीत होते.

“आत्या! काय करताय हे?”

“हळू बोल. जयाच्या मंडळातला माणूस हाय. बिनच्याचा धाडायचा व्हय? तिकडं जयाला मान खाली घालाय लागंल.” मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, “अजून घ्या अर्धा कप. आन् जयाला म्हणावं, माजी काय काळजी करू नगो. सुखात राहा म्हणावं.”

आप्पासोंनी तेवढं वाक्य मात्र ताबडतोब लिहून घेतलं. मी त्यांच्यापुढे डॉक्टरांचा कागद धरला. “ह्यो बघा. वीस टक्के. त्या उठल्या म्हणजे बऱ्या झाल्या न्हाईत.”

“ताई, कागद शरीराचा असतो,” ते मिशी पुसत म्हणाले. “आम्ही अवस्था बघतो.”

त्यांची गाडी गल्लीतून वळली आणि आत्या ओट्याशीच खाली बसल्या. ओठ निळे पडले होते. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजनवर होत्या. मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. बाईने आयुष्यभर दारी आलेल्याला रिकामं जाऊ दिलं नव्हतं, आजच कसं जाऊ देणार होती?

सोमवारी मंडळाचं उत्तर आलं : माताजींची अवस्था प्रसन्न. महिनाअखेरीचं शिबिर झाल्यावर रजेचा विचार करू.

मी जयराजला फोन लावला आणि जेवढ्या मोठ्याने ओरडता येतं तेवढं ओरडले. “भावजी, आत्या चालल्यात! आज निघा!”

पलीकडून सेवापत्रातला आवाज आला, संथ आणि गोड. “वहिनी, जत्रेच्या वेळी पण हेच कळवलं होतं. आणि आप्पासो आईच्या हातचा चहा पिऊन आलेत. मी ह्यावेळी मन डळमळू देणार नाही.”

मामा शेजारी बसून ऐकत होते. मग म्हणाले, “आमी खोटं बोलून का हुईना, आईपाशी जात हुतो.” जत्रेच्या निरोपाचं त्यांच्या मनात आलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी जेवायचं ताट तसंच ठेवलं.

रविवारी पत्र आलं. आत्यांनी वाचायला सांगितलं. मला वाचायचं नव्हतं, पण त्या उशीवर मान वळवून वाट बघत होत्या. ‘माझ्या आईने मला मुक्त केलं. मृत्यूच्या छायेतही ती उठली आणि अतिथीची सेवा केली. ती म्हणाली, काळजी करू नको. बोध : खरी माता बांधत नाही, सोडते.’ खाली सहाशे माणसांचे हात जोडलेले. सहाशेंपैकी एकालाही ‘अरे मग तू तिथे काय करतोस?’ असं विचारावंसं वाटलं नाही.

आत्यांनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, “आन् यायची तारीख कुठं हाय त्येच्यात?”

पत्रात तारीख कुठेच नव्हती. “हाय की,” मी म्हणाले. “शेवटी लिवलंय. बिस्तरवारी येतो म्हणून.”

“बिस्तरवारी,” आत्या म्हणाल्या. बोटांवर गुरुवारपर्यंतचे दिवस मोजले. “मग बुधवारी माजं डोस्कं धू. आसं बघून भ्याल त्ये.”

बुधवारपर्यंत त्या राहिल्या नाहीत. मंगळवारी पहाटे गेल्या. वीरधवलने मंडळाला एका ओळीत कळवलं आणि पाच मिनिटांत उत्तर आलं, तिकीट काढलं आहे. मरणाला पडताळणी लागत नाही म्हणे, तसा नियमच आहे. दुपारी गावी नेऊन अग्नी दिला.

गुरुवारी राख सावडायला आम्ही ओढ्याकाठी उभे होतो, तेव्हा वडूजहून गाडी आली आणि जयराज उतरला. मी आत्यांना सांगितलेलं खोटं दिवसासकट खरं झालं होतं. तो पांढऱ्या कपड्यांत राखेकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे वळला. डोळे लाल होते. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मला कबूल आहे.

“वहिनी, एवढं सीरियस होतं,” तो म्हणाला, “तर मला कुणी सांगितलं का नाही?”

मामांनी मान वर केली नाही, ते राख गोळा करत राहिले. माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं, सगळ्या गावासमोर बोलले असते. पण त्याने बघून भिऊ नये म्हणून आत्यांनी डोकं धुवायला सांगितलं होतं, ते आठवलं आणि मला रडूच फुटलं.