हत्तीला लागलेला हात

जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघात एकच जागा उरली होती, आणि शेवटच्या फेरीत त्या जागेसाठी समोरासमोर बसले कोण, तर नारपोलीचे अण्णा आणि त्यांनीच घडवलेला चिंतामणी. दैवाला दुसरी जोडी सापडली नाही!

चिंतामणीला ती जागा हवीच होती. संघात नाव लागलं तर खेळाडू म्हणून बँकेत नोकरी. नाहीतर पुढच्या महिन्यात नोकरीचं वय उलटणार आणि जन्मभर हंगामी मास्तरकी. अण्णांना नोकरीबिकरी नको होती. नगरपालिकेत कारकुनी करता करता वयाची पंचावन्न उलटली; एकदा जिल्ह्याकडून खेळायचं, एवढंच वेड उरलं होतं.

चिंतामणीकडे काळी मोहरी. त्याने सिसिलियन बचाव घेतला, त्यातलाही ड्रॅगन नावाचा प्रकार. हा बचाव कसला, भांडणच! अण्णांनीही उजवीकडची प्यादी सरळ अंगावर घातली. पंधराव्या चालीला चिंतामणीच्या तोंडचं पाणी पळालं. आता अण्णांनी डावीकडे किल्लेकोट करून राजा आडोशाला नेला की संपलंच.

किल्लेकोटात एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलतात. अण्णांनी हत्ती उचलला. आधी हत्ती, मग राजा. त्यांच्या ओट्यावरच्या डावांत वीस वर्षं सगळे तसंच करत आणि भिवंडीत कुणी हरकत घेतली नव्हती. पण नियमाने आधी राजालाच हात लावायचा. हत्तीला लावलात तर हत्तीच हलवा, किल्लेकोट विसरा. चिंतामणीने हे परवाच पुस्तकात वाचलं होतं.

"पंच!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

पंचांनी हत्तीच हलवायला लावला; अण्णांचा राजा उघड्यावर राहिला. चिंतामणीने हत्ती देऊन घोडा घेतला, मधली फळी फोडली आणि एकतिसाव्या चालीला मात केली. लोकांनी पाठ थोपटली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डाव संपल्यावर धामणकर नाक्यावर अण्णा रिक्षासाठी उभे होते. चिंतामणीने त्यांना गाठलं.

"अण्णा, नियमच होता हो. मी तरी काय करणार?"

"होता ना. पंच बरोबरच बोलले." अण्णा चष्मा पुसत राहिले. "तुझी आठवी चाल आठव. किल्लेकोट करताना तूही हत्तीच आधी उचललास."

चिंतामणीला ते आठवलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला त्यात चूक दिसलीच नाही रे. मीच तर शिकवलं होतं तुला."