सव्वीस आवर्तनं गप्प

"माझा सोलो सुरू झाला की खाली कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं," टांगलेल्या कोटांच्या रांगेपलीकडून मेरेरिड कुणाला तरी सांगत होती. "दर आठवड्याला. आणि बोलायचं मात्र नाही."

मी कोटांच्या अलीकडे उभी राहून गजाला राळ घासत होते. मेरेरिड आमच्या ऑर्केस्ट्रातली पहिली बासरीवाली. कपाट सरकवणारे म्हणजे आम्ही, माणसाहून उंच व्हायोलिनसारखं ते वाद्य वाजवणारे डबल बासवाले. आम्ही दोघंच, एमरिस आणि मी. तिचा राग माझ्यावर नव्हता हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमध्ये, जमलेल्या झाडून सगळ्या वादकांना ठाऊक होतं. एमरिस यांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

एमरिस अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म त्यांनी आमच्या बाजारात मेंढ्यांचे लिलाव पुकारले. मी एक्केचाळिसाव्या वर्षी बंद पडलेल्या शाळेतून एक बास उचलून घरी आणला आणि पुस्तकात बघून वाजवायला लागले, तेव्हा "हे वाजवतेस की लाकूड कापतेस?" असं विचारून त्यांनीच मला आपल्या शेजारी उभं केलं. त्याला अकरा वर्षं झाली.

त्या मंगळवारी सराव संपल्यावर, समोर उभा राहून छडीने ताल देणारा आमचा संचालक रोड्री मला दारात गाठून म्हणाला, "रविवारी हंगामाचा शेवटचा कार्यक्रम. चहाच्या टेबलावर पुढच्या हंगामात वाजवणाऱ्यांची यादी ठेवणार आहे. त्यांनी नाव घालायच्या आत त्यांना सांगायला हवं."

"मग सांग की."

"तू त्यांच्या शेजारी असतेस, नेरीस."

"आणि तू त्यांच्या समोर असतोस."

तो बुटांकडे बघत राहिला. "माझी पहिली सायकल त्यांनी आणून दिली होती गं."

गावात सगळ्यांचंच असं होतं. कुणाला सायकल, कुणाच्या वडलांच्या मेंढ्यांना चार पैसे जास्त, कुणाच्या आईच्या शवपेटीला खांदा. अकरा वर्षं बास मलाही त्यांनीच शिकवला होता, पण ते कुणी मोजलं नाही. काम माझ्या गळ्यात पडलं.

बुधवारपासून मी वाक्यं जुळवत होते. दुकानात कोंबड्यांचं खाद्य मोजताना, अंथरुणात पडल्या पडल्या. एकही वाक्य धड होईना. रविवारी दुपारी आम्ही सूर लावायला बसलो, तेव्हा एमरिस यांनी नेहमीसारखा गाल बासच्या मानेला टेकवला. जाड तारांचा आवाज त्यांना अजून हाडांतून कळतो. बासरीसारखं वरचं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

"एमरिस, मला जरा बोलायचं होतं."

"हो, हो, छान लागलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, "घाबरलीस होय? कपाळ बघ किती ओलं. अगं पोरी, एवढं काय त्यात."

बाहेर दारं उघडली. बाकं भरायला लागली. आता कार्यक्रमानंतरच, असं मी स्वतःला सांगितलं, आणि लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

पहिला भाग निभावला. जोरात वाजवायचं असलं की त्यांना पोटात कळतं. भीती होती ती दुसऱ्या, संथ भागाची. त्यात मेरेरिडची बासरी एकटी गाते आणि बासनी सव्वीस आवर्तनं गप्प बसायचं. मग बासरी थांबते, सगळे थांबतात, आणि त्या शांततेत आम्ही बोटाने एकच सूर छेडायचा. एकच. तो चुकला तर लपवायला जागा नाही.

गप्प बसायचं असतं तेव्हा मी बासच्या खांद्यावर बोटाने आवर्तनं मोजते. दर आवर्तनाला एक ठोका. दोन हिवाळ्यांपूर्वी लक्षात आलं की एमरिस संचालकाकडे बघत नाहीत, माझ्या बोटाकडे बघतात. तेव्हापासून मी बोट जरा जास्त उचलायला लागले. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

बासरी सुरू झाली. एक. दोन. बोट उचलताना मला त्यांची नजर बोटावर जाणवत होती. बारा. तेरा. एकोणिसाव्याला पान उलटायचं, ते माझं काम. उजव्या हाताने कोपरा धरला तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. सरावानंतर चहाच्या वेळी कुणाच्या तरी केकचा पाक त्यांवर सांडला होता. पान सुटेना म्हणून मी मोजणीच्याच बोटाने त्याला एक टिचकी मारली.

पान सुटलं. मी पुढे मोजत राहिले. वीस. एकवीस. पंचविसाव्याला मी शेजारी बघितलं, तर एमरिस यांचं बोट तारेवर चढलं होतं. माझी टिचकी त्यांनी मोजली होती.

मान हलवून त्यांना थांबवायला हवं होतं. पण ते माझ्या मानेकडे बघत नव्हते, बोटाकडे बघत होते. सव्विसाव्या आवर्तनात, मेरेरिडचा शेवटचा सूर धाग्यासारखा लांबत असताना, त्यांनी तार छेडली. चॅपेलच्या फळ्यांतून तिचा आवाज पार बाकांपर्यंत गेला.

मी विचार केला नाही. मीही छेडली, त्यांच्या पाठोपाठ. दोघं चुकले तर ती बासवाल्यांची चूक, एकट्या एमरिस यांची नाही. मग खरी जागा आली. ती रिकामी कशी सोडणार? तिथे मी एकटीने पुन्हा छेडली. रोड्रीने डोळे मिटून घेतले. एमरिस यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती दया होती.

टाळ्या झाल्या. आमच्याकडे टाळ्या होतातच, बाकांवर सगळे नातेवाईक असतात. चहाच्या टेबलाजवळ मेरेरिड लाल चेहऱ्याने आली. तिने तोंड उघडलं, तोच एमरिस मध्ये पडले.

"हिच्यावर रागावू नकोस. मोजणी चुकली बिचारीची. एकदा घाई केली, म्हणून परत एकदा वाजवलं."

मेरेरिडने माझ्याकडे बघितलं. मग कपात बघितलं. "होतं असं," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी जरा लक्ष दे, नेरीस," रोड्री म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते. आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम मनुकांच्या केकमध्ये फार रस वाटायला लागला.

"आता खरं सांगतो," एमरिस मला म्हणाले. "यंदा थांबायचं माझ्या मनात होतं. गुडघे ऐकत नाहीत. पण आज बघितलं ना, तुला एकटीला टाकून जाता यायचं नाही. अजून दोन वर्षं तरी राहतो. रोड्री, पेन दे रे."

रोड्रीने पेन दिलंसुद्धा.

"माझी मोजणी बरोबर होती, एमरिस," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाही."

माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. पण टेबलाभोवती कप हवेत थांबले, आणि मेरेरिडने बशी खाली ठेवली. सगळ्यांनी ऐकलं होतं.

एमरिस हसत माझ्याकडे वाकले. "काय म्हणालीस?"

मी त्यांच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला, त्यांच्या अगदी समोर उभी राहिले आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही."