तारा नसलेली बहीण

ताईची नजर अधू झाल्याची कुणकुण शब्दकोशाच्या कचेरीत लागली आणि संपादकांची चिठ्ठी आली: आजच्या नोंदीवर दुसऱ्या तपासनिसाची सही हवी, नाहीतर पुढचा खंड दुसऱ्या कुणाकडे. ज्या कोशावर चाळीस वर्षं जीव टाकला तो हातचा जाणार, या धसक्यानं ताईनं सकाळपासून चहालाही तोंड लावलं नव्हतं.

धाकटी बहीण शिवणाचं दुकान सांभाळून गेली सात वर्षं ताईनं लिहिलेली नोंदींची कार्डं तिला वाचून दाखवायची. वर बोलणीही खायची, ती वेगळीच.

आजचं कार्ड होतं प्रोटो-केल्टिकमधल्या 'बहीण' या शब्दाचं. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. जुनी आयरिश, वेल्श या तिच्या लेकीनाती. त्यांच्या तोंडावळ्यावरून आजीचा चेहरा जुळवायचा, तसे तिचे शब्द जुळवायचे. असा कुणी न पाहिलेला शब्द आला की त्याच्याआधी तीन रेघांची खूण, म्हणजे तारा, काढायचा आणि वाचताना 'तारा' असं मोठ्यानं म्हणायचं, ही कोशाची रीत.

"प्रथमा, स्वेसूर. षष्ठी, स्वेस्रोस," धाकटी वाचू लागली. "संस्कृतातली स्वसा याच घराण्यातली."

"तारे का गिळतेस?"

"मी कशाला गिळू? कार्डावर एकही नाही."

"आता तू मला शिकव!" ताईनं कार्ड हिसकावून नाकाशी नेलं, खिडकीकडे धरलं. मग हळूच खाली ठेवलं.

"चाळीस वर्षं कानात आहे गं हा शब्द," ती म्हणाली. "लिहिताना पाहिलाच आहे असं वाटलं असेल."

धाकटीनं पेन उचललं. तिनं राहिलेले सगळे तारे काढले.

"आता खाली सही ठोक."

"मी? अगं, मी कपडे शिवणारी बाई. कचेरीत हसतील."

"चूक कुणी पकडली? हसू देत खुशाल."

धाकटीनं जपून सही केली. मग खोडसाळपणे सहीच्या आधी पेनाचे तीन छोटे फराटे ओढले. डोळे अधू झाले तरी ताईचे कान तिखट होते.

"तारा काढलास?"

"मग काय! असली तपासनीस कधी कुणी पाहिलीय?"

"मी पाहिलीय," ताई म्हणाली. "खोड तो."