शेवटच्या रिळातली थप्पड

चारुलताबाईंनी सिनेमात कधी सुखाचा संसार केला नाही. त्यांच्या वाट्याला यायची ती शिकलेली, स्वतः गाडी चालवणारी, पुरुषांना तोडून बोलणारी बाई. सगळा सिनेमा तोऱ्यात काढायचा आणि शेवटच्या रिळात एकतर मरायचं, नाहीतर नायकाच्या पायाशी बसायचं. नायक मात्र दारू पिऊन, कोठ्यावर जाऊन घरी आला, की बायको त्याला ओवाळायची.

आता साठी उलटल्यावर त्या नेरूळला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. लग्न केलं नव्हतं. सोसायटीतल्या बायका जिन्यात हसून बोलत, पण हळदीकुंकवाला बोलवत नसत. येऊन जाऊन खालच्या मजल्यावरची जाई तेवढी यायची.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात ती आली ती मनगट धरून. आधी "काकू, पडले" म्हणाली, मग खुर्चीत बसून रडायलाच लागली. तिचा नवरा आशुतोष बँकेत होता. जिन्यात म्हातारं माणूस दिसलं की त्याच्या हातातली पिशवी घेणारा. जाईला तुर्भ्याच्या मार्केटात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे टायपिंगची नोकरी लागली होती. विचारल्याशिवाय अर्ज केलाच कसा, म्हणून त्यानं मनगट पिरगाळलं होतं. ते पहिल्यांदाच नव्हतं.

"इथंच राहा," चारुलताबाई म्हणाल्या.

ती राहिली. सकाळी डबा घेऊन कामाला जाऊ लागली. लगेच कुजबुज सुरू झाली. नवऱ्याला उपाशी ठेवून बाई बाहेर मिरवते! आशुतोषला तीन घरांतून भाजी जाऊ लागली. बिचारा किती वाळलाय, असं सगळे म्हणत.

गणपतीत सेक्रेटरी श्यामसुंदर वर आले. "मॅडम, यंदा तुमचा सत्कार. तुमचाच पिक्चर लावतोय मंडपात." त्यांनी सिनेमाचं नाव सांगितलं तशी चारुलताबाई घाईनं म्हणाल्या,

"दुसरा लावा ना एखादा."

"अहो, त्याच्यासारखा फॅमिली पिक्चर नाही! कॅसेट आणलीसुद्धा. टेन्शन घेऊ नका."

आरतीनंतर मंडप गच्च भरला. जाईच्या आईला आशुतोषनं चिपळूणहून मुद्दाम बोलावलं होतं. ती पुढच्या रांगेत आशुतोषशेजारी बसली. पडद्यावर तरुण चारुलता कारखान्याची मालकीण होती. नवऱ्याला दुसऱ्या बाईबरोबर पकडते आणि घराबाहेर काढते. मंडपात हूं की चूं नाही. मग शेवटी नवरा परत येतो, तिच्याच ऑफिसात तिला फाडकन थोबाडीत देतो, आणि ती हात जोडून म्हणते, "आज माझे डोळे उघडले." मंडप शिट्ट्यांनी दणाणला. बायकाही टाळ्या वाजवत होत्या. जाईच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

शाल-श्रीफळ झालं. मग माईक चारुलताबाईंच्या हातात आला.

"ती थप्पड खरी होती. हिरोला खोटी जमेना, म्हणून डायरेक्टरनं खरीच मारायला सांगितली. पुन्हा पुन्हा घेतली. तेव्हापासून मला या कानानं ऐकू येत नाही."

श्यामसुंदरांनी लगेच माईक घेतला. "याला म्हणतात कलेवरची निष्ठा! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत जाईची आई उठली, मागे उभ्या असलेल्या लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "चल घरी. चारचौघांत आणखी शोभा नको." जाईनं चारुलताबाईंकडे पाहिलं. त्या स्टेजवरून उतरेपर्यंत ती गेलीही होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालची बेल वाजवली. दार आशुतोषनं उघडलं. "काकू, तिला आराम करू द्या," तो अदबीनं म्हणाला. जाईची नोकरी सुटली, वर येणंही थांबलं.

दिवाळीनंतर कळलं, जाई वाशीच्या हॉस्पिटलात आहे. बाथरूममध्ये पडली, असं कागदावर होतं. जबडा तारेनं बांधलेला, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. चारुलताबाई रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसायच्या. आई सुरुवातीला तोंड फिरवून उभी राहायची. एक दिवस मात्र शेजारी येऊन बसली.

"तो मारणारा," ती हळूच म्हणाली, "त्याच्याबरोबर पुन्हा काम केलंत तुम्ही?"

"केलं. बरेच सिनेमे केले."

"का हो?"

"नाही म्हटलं असतं तर दुसरं काम कुणी दिलं असतं? त्याच्या नावावर पिक्चर विकले जायचे. माझ्या नाही."

आई पदराचं टोक पिळत राहिली. "मला वाटलं, माणसं काय म्हणतील..."

"तिला गावी घेऊन जा," चारुलताबाई म्हणाल्या. "नाहीतर माझ्याकडे पाठवा."

"तिचे भाऊ ठेवून घेणार नाहीत. आणि तुमच्याकडे... तुम्ही किती दिवस पुरणार?"

डिस्चार्ज मिळाला त्या दुपारी आशुतोष रिक्षा घेऊन आला. त्यानं नर्सला पेढे दिले, सासूच्या पाया पडला, जाईला खांद्याला धरून हळूच रिक्षात बसवलं. बघणाऱ्या बायका म्हणाल्या, किती जपतो बायकोला. आई चिपळूणच्या एसटीसाठी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिली. रिक्षा वळली तशी चारुलताबाई चार पावलं तिच्यामागे गेल्या, आणि मग वाहनांच्या गर्दीत थांबल्या.