काचेखालचे हँडल

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोरून गेलात तरी माझ्याकडे तुमचे लक्ष जाणार नाही. मला त्याची सवय आहे. मी एक जुने हँडल आहे. दाराचे नव्हे आणि सायकलचेही नव्हे. मिनेसोटातल्या एका म्हाताऱ्या मोटारहोमच्या, म्हणजे घरगाडीच्या, अगदी तोंडावर मी बसवलेले आहे. पुढची मोठी काच संपते तिथे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाच्या बाजूला. चालवणाऱ्याच्या बाजूला माझे जुळे भावंड आहे. लांबून पाहिले तर आम्ही दोघे गाडीच्या मिशा वाटतो.

१९७८ साली इंडियानातल्या एका कारखान्यात आम्ही जन्मलो. लोखंडी नळी वाकवली, तिला चकचकीत मुलामा दिला आणि एका बाईने प्रत्येकी चार स्क्रू पिळून आम्हाला गाडीवर बसवले. पिळता पिळता तिने शेजारणीला विचारले, "ही कशाला असतात गं?"

"कागदावर दाखवलीत म्हणून," शेजारीण म्हणाली.

एवढाच आशीर्वाद घेऊन आम्ही जगात आलो.

आमची गाडी घेतली ऑर्विल आणि मार्लिस स्टेनरसन या नवराबायकोने. ऑर्विल शाळेची बस चालवायचा. त्यामुळे चाके असलेल्या प्रत्येक गोष्टीतले आपल्याला कळते, असे त्याचे ठाम मत होते. उन्हाळ्याच्या सुटीत दोघे घरगाडी घेऊन निघत आणि कुठल्या तरी तळ्याकाठच्या कॅम्पवर मुक्काम करत.

तिकडे उन्हाळ्यात किडे फार. पन्नास मैल गेले की काचेवर कोशिंबीर तयार. ऑर्विल चांगला उंच होता. तो जमिनीवरच उभा राहून लांब दांड्याच्या ब्रशने काच घासायचा, तीही फक्त आपल्यापुरती. "चालवणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं," असे म्हणायचा. नकाशा मात्र मार्लिसच्या मांडीवर असायचा. कुठे वळायचे ते तिने सांगायचे, आणि तिच्या डोळ्यांसमोर टोळांची रांगोळी.

मार्लिस बुटकी, पण हिकमती. सकाळी ऑर्विल कॅम्पच्या न्हाणीघरात दाढीला गेला की ती बादली घेऊन पुढच्या बंपरवर चढायची. एका हाताने मला धरायची आणि दुसऱ्या हाताने काच लख्ख करायची. मित्रांनो, आमचा जन्म याचसाठी असतो. तिच्या मुठीत मी असले की मला वाटायचे, सगळी गाडी माझ्यावरच तोलली आहे. हा गर्व होता, कबूल करते.

तेरा वर्षे हा नेम चालला. ऑर्विलला पत्ता नव्हता. बायकोच्या बाजूला किडे बसतच नाहीत, अशी त्याची समजूत. "तुझ्या बाजूला वारा वेगळा लागतो," असे त्याने तिला एकदा हातवारे करून समजावलेही होते.

"असेल बुवा," मार्लिस म्हणाली.

तेराव्या उन्हाळ्यात गाडी गळू लागली. पाऊस आला की ऑर्विलच्या उजव्या बुटावर टपटप थेंब पडत. आता अशा कॅम्पवर एक रीत असते की कोणी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तर आजूबाजूच्या गाड्यांमधले पुरुष कॉफीचे कप घेऊन गोळा होतात. काम एक जण करतो आणि बाकीचे माना हलवतात. त्यात पुढे असायचा शेजारच्या गाडीतला वेंडेल क्राउस. त्याने बोटाने आम्हाला टकटक करून पाहिले.

"ही कशाला आहेत रे?"

"शोभेला असतील," ऑर्विल म्हणाला.

"जहाजावर गाडी चढवताना दोर बांधायला," मागून एक कप बोलला.

"मी कुठे जहाजावर चाललोय?"

"मग काढून टाक की," वेंडेल म्हणाला. "एकेकाला चार भोकं. पाणी तिथूनच शिरतंय."

त्याच दिवशी माझे भावंड गेले. त्याच्या भोकांत लांबी भरून ती बुजवली आणि त्याला कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. बिचाऱ्याला तेरा वर्षांत कोणी धरले नव्हते, त्यामुळे त्याची आठवणही कोणी काढली नाही. दोन दिवसांनी पाऊस आला आणि थेंब पुन्हा बुटावर पडले.

"म्हणजे ते दुसरं गळतंय," वेंडेलने निकाल दिला.

शनिवारी सकाळी त्यांनी मला हात घातला. तीन स्क्रू सहज निघाले. चौथा गंजला होता, तो जागचा हलेना. वेंडेल लालबुंद होईपर्यंत पिळत राहिला. तेवढ्यात कॅम्पवरची पॅनकेकची घंटा वाजली. शनिवारचे पॅनकेक गरम असतानाच खायचे असतात.

"खाऊन येऊ, मग बघतो याच्याकडे," वेंडेल म्हणाला आणि सगळे निघून गेले. मी एका गंजक्या स्क्रूवर लोंबकळत राहिले.

मार्लिस पहिल्याच पंगतीत खाऊन परत आली. दुपारी निघायचे होते, म्हणून ती बादली घेऊन बंपरवर चढली. तेरा वर्षांची सवय, तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नुसता हात लांब केला. मला ओरडता आले असते तर मी सगळा कॅम्प गोळा केला असता.

नेमका तेव्हाच ऑर्विल गाडीत शिरला. पॅनकेकवर ओतायचा कॅम्पचा पाक त्याला आवडत नसे, म्हणून तो आपली पाकाची बाटली न्यायला आला होता. फेसाने भरलेल्या काचेपलीकडे त्याला काही तरी गोल, करडे हलताना दिसले. त्या रानात टर्की पक्षी फार, आणि काचेत आपलेच तोंड पाहून ते चोच मारतात. "हुर्र, हुर्र," म्हणत ऑर्विलने किल्ली फिरवली आणि वायपर सुरू केले.

साबणाचे पाणी मार्लिसच्या तोंडावर उडाले. वायपरने मनगटावर फटका दिला. तिचे पाय बंपरवरून सुटले आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. मी कर्रकन वाकडे झाले. खाली डांबर होते. माझ्याजवळ होता फक्त तो चौथा स्क्रू, आणि तो हलला नाही.

"ऑर्विल," मार्लिस शांतपणे म्हणाली, "ते बंद कर."

तो बाहेर धावत आला आणि त्याने तिला उचलून खाली ठेवले.

"तू तिथे काय करत होतीस?"

"काच पुसत होते."

"कधीपासून?"

"अठ्ठ्याहत्तरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाऱ्याचं समजावत होतास ना."

ऑर्विलने माझ्याकडे पाहिले. मग त्या तीन रिकाम्या भोकांकडे पाहिले. तेवढ्यात वेंडेल आणि मंडळी ताटल्या घेऊन आली.

"काय, चौथा निघाला का?" वेंडेलने विचारले.

"नाही निघाला, देवाची कृपा," ऑर्विल म्हणाला.

"आणि गळतं ते यांच्यातून नाहीच," तोंड पुसत मार्लिस म्हणाली. "ऑर्विलच्या बाजूला काचेच्या रबराला वर बोटभर चीर आहे. मी रोज बघते. मला कोणी विचारलं नाही."

सगळे आपापल्या ताटल्यांत बघू लागले.

दुपारपर्यंत चीर बुजवली गेली. मला ठोकून सरळ केले, चारही स्क्रू नवे बसवले आणि भोवती लांबी भरली. माझे भावंडही डब्यातून आपल्या जागी परत आले.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरातली एखादी वस्तू तुम्हाला बिनकामाची वाटली, तर ती काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, ही कोण वापरते. जो गप्प राहून काम करतो त्याला आधी विचारा. आणि जमल्यास आमचे स्क्रू वर्षातून एकदा पिळून ठेवा. गंजावर फार काळ विसंबू नये.

आता रोज सकाळी दाढीला जाण्याआधी ऑर्विल माझ्याकडे येतो. बंपरला पाय लावतो, मला दोन्ही हातांनी धरतो आणि सगळा जोर लावून ओढून पाहतो. एकदा, दोनदा, तीनदा. बादली घेऊन मार्लिस मागे उभी असते.

"पुरे कर, ऑर्विल," ती म्हणते. "उपटून काढशील."