वर्तुळांची वही

मी एक जुनी वही आहे. खाकी पुठ्ठ्याची, शिरूरच्या बाजारातून अकिलाने घेतलेली. मित्रांनो, अकिला पुण्याच्या कॉलेजात शिकत होती. रक्ताचा गट मुलांना आईबापांकडून मिळतो. म्हणून गावोगावचे गट आणि वंशावळी ताडून पाहिल्या, तर माणसे कुठून कुठे गेली याचा माग लागतो. तो माग काढायला ती १९६१ साली मला घेऊन कवठे येमाईच्या धनगरवस्तीवर आली.

बोटाला सुई टोचून घ्यायला मंडळी कुरकुरत का होईना, तयार झाली. माझ्या पानांवर पुरुषांना त्रिकोण आणि बायकांना वर्तुळे होती. वस्तीतले वयोवृद्ध म्हस्कूआबा यांनी आपल्या सात पिढ्यांचे त्रिकोण घडाघडा सांगितले. त्यांच्या आईच्या आधीच्या पिढ्यांची वर्तुळे मात्र रिकामीच!

"आज्जीला समदी आज्जीच म्हनायची. नाव कुनाला ठावं, पोरी?" आबा हसले.

अकिलाचा चेहरा पडला. आयांची गावे कळली नाहीत तर अर्धा माग पुसला जाणार होता आणि मी रद्दीत जाणार होते. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात आबांच्या कारभारीण तानुबाई उठल्या आणि अकिलाला हाताला धरून मेंढरांत घेऊन गेल्या.

"ही राहूकरीण. माझ्या आजेसासूला, धुरपदाला, राहू गावच्या माहेरानं मेंढी आंदण दिली हुती. तिच्या वंशाच्या समद्या राहूकरणीच."

"आणि ती काळी, आजी?"

"ती सणसवाडीकरीण. धुरपदाची सासू रंगूबाई, तिच्या आंदणाची."

म्हणजे बायकांची नावे माणसे विसरली, पण मेंढ्यांमुळे राहिली! मला हसू आवरेना. अकिला उभ्याउभ्याच वर्तुळे भरत होती.

शेवटी तानुबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या आईचं बी लिव. सखूबाई. तिच्यापाशी मला द्यायला मेंढी नव्हती. कळपात तिचं कायबी न्हाई."

अकिलाने लिहिले. तानुबाईंनी त्या वर्तुळावर बोट ठेवले. "हीच व्हय माझी आई?" म्हणाल्या आणि ते बोट कपाळाला लावले.

अकिलाच्या कामाचे पुढे कौतुक झाले. मग माझी रवानगी कपाटात झाली. कसरीने माझे कोपरे खाल्ले, पण तक्रार नाही. तानुबाईंनी माझा जन्म सार्थकी लावला, हे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजीला तिच्या आईचे नाव आणि गाव विचारा. लगेच लिहून ठेवा, उद्यावर टाकू नका. सखूबाई या जगात होती, हे सांगायला आता माझ्या एका पानाशिवाय कोणी नाही.